समजून घ्या : मूल पाचवीत, वाचन दुसरीचे; ही दरी कशी मिटेल?

धाराशिव जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. घरी सांभाळणारे कुणी नसेल, तर मूलही आईबापांसोबत फडावर जाते. तुळजापूर तालुक्यातील जळकोट असो वा शेजारची गावे, जिल्हा परिषद शाळांची गुणवत्ता या हंगामाकडे डोळेझाक करून सुधारणार नाही.

दरी किती मोठी?
‘असर’ सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी, पण चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत.

ती वाढते कशी?
गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे दुसरे सत्र जवळपास पूर्ण बुडते. परतलेल्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार वर्ग मिळतो; राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचाही हक्क आहे. मात्र ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे, तर मागे राहिलेल्या मुलाकडे कोण पाहणार?

उपाय काय?
पहिला, मुलांचे गट इयत्तेने नव्हे, तर वाचन-गणिताच्या पातळीने करून रोज ठरावीक वेळ शिकवणे. ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेली ही पद्धत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या प्रयोगांत परिणामकारक ठरली. दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले.

दुसरा, हंगामी वसतिगृह. मूल गावातच राहिले, तर शाळा सुटत नाही. पण टोळी गेल्यावर मंजुरी आली, तर तिचा उपयोग काय? पालकांची यादी आणि निधी सप्टेंबरमध्येच तयार हवा.

आता का?
तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी ‘निपुण भारत’ने २०२६-२७ ची मुदत ठेवली आहे. धाराशिव २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीने, ग्रामसभेने एकच प्रश्न विचारावा : आपल्या शाळेतील किती मुले न अडखळता वाचतात? त्याचे उत्तर हजेरीपटावर मिळत नाही. मुलाच्या हाती पुस्तक देऊनच मिळते.