लष्कराच्या भाकऱ्या आणि ओला कचरा

एक निवृत्त बँक अधिकारी, दोन-तीन गृहिणी, कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा आणि वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलापाशी उभे राहायचे हे नेमके ठाऊक असलेले एक आजोबा. मुंबईत कचऱ्याच्या बाबतीत जे काही हलले, त्याच्या मुळाशी बहुधा अशी चार-पाच माणसे सापडतात. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपली गल्ली स्वतःच्या हिकमतीवर साफ करून दाखवली. त्यातून १९९७ मध्ये महापालिकेची 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना आकाराला आली. 'एएलएम' या नावाने ती पुढे शेकडो गल्ल्यांत पसरली. घरात ओला-सुका वेगळा करा, हे केंद्राच्या नियमांत २००० साली आले. यांतल्या कित्येक गल्ल्यांनी त्याआधीच दोन डबे ठेवले होते.

नियम काढणे सरकारला जमते, नोटीस चिकटवणे पालिकेला जमते. पण तिसऱ्या मजल्यावर जाऊन "वहिनी, चहाचा चोथा रद्दीच्या पिशवीत टाकू नका" असे सांगणे मुकादमाला जमत नाही. सांगितले तरी कोणी ऐकत नाही. ते शेजारच्याच माणसाने सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सांगण्यामागे रोकडा हिशेब आहे. कोरडा कागद भंगारवाल्याकडे रद्दी म्हणून वजनावर विकला जातो. तोच आमटीत भिजला की कचरा होतो. दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर तिला गिऱ्हाईक आहे, नासक्या दुधासकट बांधून टाकली तर नाही. म्हणजे घरातल्या दोन डब्यांवर कचरावेचक बाईची त्या दिवसाची कमाई ठरते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' उपक्रमातून कचरावेचक महिलांना संघटित करून खतनिर्मितीचे, बायोगॅसचे प्रशिक्षण दिले. अशा बायका आणि जागरूक सोसायट्या जिथे एकत्र आल्या, तिथे काम उभे राहिले. ते श्रेय रहिवाशांच्या अशा समित्यांना द्यायलाच हवे.

पण याच समित्यांची दुसरी बाजूही तितकीच ओळखीची आहे. उत्साही सेक्रेटरी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला गेले की खतखड्ड्यात सुका पाला टाकायला कोणी उरत नाही. आठवड्याभरात वास, मग अळ्या, मग तळमजल्यावाल्यांची तक्रार, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत खड्डा बुजवण्याचा ठराव. हौसेच्या कामाला रजेवर जाता येते, कचऱ्याला येत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस थकला तर त्याला बोल कसा लावायचा? आणि कोणी लावावा?

यात पालिकेचाही डाव आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा, १९२७ पासून साचत आलेला डोंगर पेटला आणि शहर धुराने गुदमरले. त्यानंतर उच्च न्यायालयाने कचराभूमीच्या अवस्थेवर बोट ठेवून नव्या बांधकामांवर बंधने घातली. पुढच्याच वर्षी पालिकेने फर्मान काढले: वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा. धोरण म्हणून हे योग्यच. कांद्याची सालपटे डम्परमध्ये घालून देवनारपर्यंत फिरवून आणणे हा शुद्ध वेडेपणा होता. मात्र काल जे कौतुकाने केले जात होते, ते आज सक्तीचे झाले आणि निस्तरायला माणसे तीच. 'लोकसहभाग' हा शब्द कानावर पडला की आता मी आधी पाहतो, खर्चाची बाजू कोणाच्या रकान्यात लिहिली आहे.

'स्वयंसेवक' या शब्दाचेही तसेच. सोसायटीत तो फावला वेळ देणाऱ्याला लावतात. झोपडपट्टीत, दत्तक वस्ती योजनेत, रोज सकाळी गटार उपसणाऱ्यालाही पालिकेने स्वयंसेवकच म्हटले. त्याला पगार नाही, मानधन. एकाच्या बाबतीत हा मान आहे, दुसऱ्याच्या बाबतीत किमान वेतनातून काढलेली पळवाट. शहराच्या कचऱ्याचे ओझे याच दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर आहे, हे समित्यांचे गोडवे गाताना आपण सोयीस्कर विसरतो.

शिवाय समिती म्हणजे गल्ली नव्हे. स्वच्छतेच्या नावाने सुरू झालेली चर्चा फेरीवाल्यांना हटवण्यावर कधी घसरते, हे बैठकीत बसलेल्यांना कळतही नाही. यावर उत्तर म्हणून कोणी सांगेल की नगरसेवक आहेत ना. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे नगरसेवकच नव्हते. त्या काळात वॉर्ड ऑफिसात आवाज उठवायला कित्येक ठिकाणी या समित्याच उरल्या. त्यांचा आवाज अपुरा होता, एकांगीही होता, पण होता.

पुण्याकडे पाहिले की गोष्ट थोडी उलगडते. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पालिकेशी करार केला. तिथे दारोदार कचरा गोळा करणे कोणाच्या उत्साहावर सोडलेले नाही. घरटी ठरलेले शुल्क आहे, ते काम करणाऱ्या सभासदालाच मिळते, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्याचेच. करार लांबणीवर पडतो, ठेकेदारांचा डोळा असतो, शुल्क द्यायला का-कू करणारी घरे असतात. ते सगळे खरे. तरी तिथे रहिवाशांच्या समितीला खड्डा राखण्याऐवजी शेजाऱ्याला पैसे द्यायला लावणे, डबे तपासणे, पालिकेच्या मागे लागणे एवढेच करावे लागते. समितीला झेपते तेही नेमके हेच.

म्हणून मला समित्या हव्यात, पण खताच्या ढिगाऱ्यावर नकोत. ढीग सांभाळायला पगारी माणूस हवा. मोठी सोसायटी त्याचा खर्च स्वतः उचलू शकेल. पंचवीस बिऱ्हाडांच्या जुन्या चाळीला मालमत्ता करात सवलत मिळायला हवी. आणि गल्लीचा कचरा जी बाई खऱ्या अर्थाने ओळखते, कोणत्या घरातून काय येते हे जिला तोंडपाठ आहे, तिची खुर्ची बैठकीत हवी. सूचना साधी आहे. अडचण अशी की बैठक सकाळी अकराला असते, आणि त्या वेळी ती चौथ्या इमारतीच्या जिन्यात असते.