‘लागलं तर?’चं ओझं

गेल्या महिन्यात दिल्लीला निघालो होतो. अकरा दिवसांचा दौरा होता. दिल्ली, तिथून अलीगढ आणि परतीच्या वाटेवर भोपाळ. दाराशी ठेवलेली माझी सॅक अम्मीने एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाली, “इत्ताच?” आवाजात काळजी होती, थोडी नाराजीही. एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाचं सामान उचलताना हाताला रग लागली पाहिजे, असं तिचं मत आहे. मग नेहमीप्रमाणे एकेक वस्तू पुढे येऊ लागली. शाल, छत्री, जास्तीचा टॉवेल, बामची बाटली. प्रत्येक वस्तूसोबत एकच वाक्य, “लेको जा रे. लगी तो?”

लागलं तर? प्रवासाच्या सामानातली सगळ्यात जड वस्तू हीच आहे, असं माझं अनुभवाअंती मत झालंय.

व्याख्यानं, कार्यशाळा आणि ग्रंथालयं यांच्या निमित्ताने वर्षातले तीनेक महिने मी घराबाहेर असतो. प्रवास बहुतेक रेल्वेचा, स्लीपर नाहीतर थर्ड एसी. या दोन्ही वर्गांत माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. नियम मुभा देतो म्हणून आपण तेवढं भरतो आणि मग जिन्यावर, पुलावर, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना त्याची किंमत मोजतो. विद्यार्थीदशेत पहिल्यांदा दिल्लीला गेलो, तेव्हा माझ्याकडे घरातली सर्वांत मोठी सुटकेस होती. स्टेशनातल्या पुलावरच तिचं एक चाक निखळलं. उरलेले नऊ दिवस मी ती फरपटत फिरलो. घरी आल्यावर सामान काढताना लक्षात आलं की तीन शर्टांची घडीही मोडली नव्हती. इस्त्री वापरली नव्हती. सहा पुस्तकांपैकी एकही उघडलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. परतल्यावर सामान जागेवर ठेवण्याआधी त्याचे दोन ढीग करायचे, एक वापरलेल्याचा, दुसरा न वापरलेल्याचा. दुसऱ्या ढिगातलं पुढच्या वेळी घरीच राहतं. अपवाद फक्त औषधं आणि कागदपत्रं यांचा. ती न लागली तर बरंच.

बाकीचे नियम साधे आहेत. प्रवास महिन्याचा असला तरी कपडे पाच दिवसांचे घ्यायचे, कारण धुण्याची पावडर आणि दोरी जगात सगळीकडे मिळते. रंग असे निवडायचे की कुठलाही कुर्ता कुठल्याही पॅंटवर चालावा. जाड जीन्स नको, ती वाळत नाही. सर्वांत जड बूट पायात घालायचे, बॅगेत चप्पल. कपड्यांची घडी घालण्यापेक्षा गुंडाळी करायची. चार्जर एकच, दोन तोंडांचा. पॉवर बँक विमानात हातातल्याच बॅगेत ठेवायची, चेक-इन सामानात ती चालत नाही. आणि एक सुती लुंगी. ती रात्री नेसायला, बर्थवर अंथरायला, अंग पुसायला, उन्हात डोक्यावर घ्यायला आणि वेळ पडली तर जानमाज म्हणूनही चालते. जी वस्तू दोन कामं करत नाही, तिला माझ्या सॅकमध्ये जागा मिळवायला भांडावं लागतं.

पण सामान हलकं होतं ते अशा युक्त्यांनी, असं मला वाटत नाही. साबण मी घरी ठेवतो, कारण जिथे जातोय तिथल्या कोपऱ्यावर दुकान आहे. शाल ठेवतो, कारण भोपाळच्या मित्राच्या घरी रजई आहे. घरी ठेवलेल्या प्रत्येक वस्तूमागे कुणावर तरी टाकलेला भरवसा असतो. उलट ‘लागलं तर?’ म्हणून कोंबलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक शंका असते. तिथे कुणी देणार नाही, मिळणार नाही, विचारायला लाज वाटेल. आपण कपडे भरत नाही, भीती भरतो.

आमच्या दादाजानचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं सामान मात्र खरोखर जड होतं. सत्तरच्या दशकात ते मुंबईहून बोटीने हजला गेले. लोखंडी ट्रंक, वळकटी, पीठ, तांदूळ, स्टोव्ह, शिवाय स्वतःचं कफनही. परत येणं अल्लाहच्या हाती, म्हणून कफन सोबत. बोट सुटेपर्यंत मुंबईत मुसाफिरखान्यात राहिले. पुढे बोटीवरच, यलमलमची हद्द येण्याआधी, सगळ्यांनी अंगावरचे कपडे उतरवून एहराम बांधला. बिनशिलाईच्या दोन चादरी. खिसा नाही, गुंडी नाही. दादाजान म्हणायचे, “ट्रंक वही थी, लेकिन बोज उतर गया.” ते परतले तेव्हा कफनही परत आलं, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. पुढे ते कित्येक वर्षं घरात त्याच ट्रंकेत होतं.

मुसाफिराचं ओझं हलकं करण्याचा विचार इस्लामने किती बारकाईने केलाय, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. प्रवासात चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. पाणी नसेल तर तयम्मुम, म्हणजे स्वच्छ मातीने वजू. चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवण्याची सवलत घरी राहणाऱ्याला एक दिवस, तर मुसाफिराला तीन दिवस. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यात अडलेला मुसाफिर आहे. घरी तो खाऊन-पिऊन सुखी असला तरी वाटेत अडला, तर त्याचा समाजाच्या पैशावर हक्क आहे. याचा अर्थ मला असा लागतो की प्रवाशाने कमी घेऊन निघावं आणि उरलेलं वाटेवरच्यांनी पुरवावं. पंढरीची वाट चालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गावोगावच्या पंगतींवर त्याचा असाच भरवसा असतो.

इब्न बतूता १३२५ साली टँजिअरहून एकटाच निघाला, तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे खानकाह आणि काझींची घरं गाठत तो दिल्लीपर्यंत आला. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमलं, मग चीनकडे वकील म्हणून रवाना केलं. आता त्याच्याकडे नोकर, घोडे, नजराणे सगळं होतं. कोल, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, तो लुटला गेला. कित्येक दिवस उपाशी भटकला. शेवटी एका अनोळखी माणसाने त्याला खांद्यावर घालून गावात पोहोचवलं. पुढे आपल्या दौलताबादवरून तो कालिकतला गेला. तिथे वादळात जहाज फुटलं. जुम्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला म्हणून तो वाचला. जवळ उरले दहा दिनार आणि अंथरायचा गालिचा. तरीही तो पुढे मालदीवला गेला आणि तिथेही काझी झाला. सामान सगळं गेलं तरी प्रवास थांबला नाही, कारण वाटेवर दार उघडणारी माणसं होती.

इथपर्यंत मी हलक्या सामानाचा पुरस्कर्ता आहे. पण गेल्या काही वर्षांत माझी सॅक आणखी एका वजनाने हलकी झाली आणि ते मला मान्य नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत, इगतपुरीच्या परिसरात, ७२ वर्षांच्या एका म्हाताऱ्या माणसाला तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. ते जळगाव जिल्ह्यातून कल्याणला लेकीकडे निघाले होते. सोबत प्लास्टिकच्या बरण्यांत म्हशीचं मांस होतं. महाराष्ट्रात ते बाळगणं गुन्हा नाही. २०१५च्या कायद्याने बंदी आहे ती गाय, बैल आणि वळूच्या मांसाला. त्या माणसाची चूक एवढीच की लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली जुनी रीत त्याने पाळली. तो व्हिडिओ अम्मीने पाहिला. त्या दिवसापासून माझ्या डब्यातला सुका खिमा बंद झाला. तो बकऱ्याचा असायचा. पण तिचा प्रश्न होता, “देखनेवाले को क्या मालूम?” आता डब्यात बटाट्याची भाजी असते. खिमा द्यायचा की नाही यावर आमच्या घरी कधी चर्चा झाली नाही. तो नुसता बंद झाला.

डबा गेला आणि त्या जागी कागद आले. हलक्या सामानाचं शास्त्र सांगतं की कागद फोनमध्ये ठेवा. रेल्वेत डिजिलॉकरमधलं ओळखपत्रही चालतं. तरी माझ्याकडे मूळ आधार कार्ड, त्याच्या दोन प्रती, कार्यक्रमाचं छापील निमंत्रण आणि त्या शहरातल्या दोन मित्रांचे पत्ते असतात. एका शहरात लॉजच्या काउंटरवरचा माणूस फोनवर ‘रूम आहे’ म्हणाला होता. माझं कार्ड पाहिल्यावर ‘फुल्ल’ म्हणाला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. तेव्हापासून दुसऱ्या मित्राचा पत्ता. परतल्यावर हे कागद बहुतेक वेळा न वापरलेल्यांच्या ढिगात असतात. पण माझा नियम त्यांना लावायला हात धजावत नाही.

म्हणून हलकं सामान हा मला निव्वळ सोयीचा विषय वाटत नाही. सातच किलोत जग फिरा म्हणणाऱ्याला वाटेवरच्या प्रत्येक दुकानात, लॉजमध्ये, डब्यात आपण सामावले जाऊ याची खात्री असते. ती खात्री सगळ्यांना सारखी मिळत नाही. मी इस्त्री सोडली ती माझ्या मर्जीने. खिमा सोडला तो माझ्या मर्जीने नाही. काट्यावर दोन्ही वजनं कमीच झालेली दिसतील, पण एकाने मी मोकळा झालो, दुसऱ्याने लहान.

त्या दिवशी सॅक पुन्हा उघडली. एक कुर्ता काढून ठेवला आणि अम्मीला म्हटलं, “खिमा दे.” ती गप्प राहिली, मग स्वयंपाकघरात गेली. डबा नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधलेला होता. मनमाड गेल्यावर मी तो उघडला, पण त्याआधी समोरच्या बर्थवर कोण बसलंय ते पाहून घेतलं. ही सवय सॅकमध्ये भरावी लागत नाही, ती आपोआप सोबत येते. बाकी सगळं ओझं मी माझ्या हाताने काढलं आहे. हे काढणं माझ्या एकट्याच्या हातात नाही.