हललेल्या बाळांचे काय झाले?

कसबा पेठेतल्या तांबट आळीत तुम्ही कधी गेला आहात काय? तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालून हंडे-कळशा घडविणाऱ्या कारागिरांची ही जुनी वस्ती. पूर्वीच्या मानाने आता ठोके कमी झाले, तरी चार-दोन हातोडे एकदम चालू झाले की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. आता अशी कल्पना करा, की त्या आळीच्या तोंडाशी उभे राहून तिसऱ्या घरातल्या पाळण्यात निजलेल्या बाळाचा श्वास तुम्हांला कानाने ओळखायचा आहे.

नवजात बाळाच्या मेंदूचे कार्य चित्रात पकडणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे जवळजवळ असेच काम असते. यंत्र आहे चुंबकीय अनुस्पंदनाचे. बोलण्यात आपण त्याला एमआरआय म्हणतो. रक्तातील हीमोग्लोबिनने प्राणवायू सोडून दिला की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. या फरकावरून मेंदूतील घडामोडींचा माग काढता येईल, असे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९० साली दाखवून दिले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला, की तिकडे ताजे रक्त जरुरीपेक्षा जास्तच धावते आणि तेथून येणारा संकेत किंचित वाढतो. ही वाढ शेकडा एक-दोन इतकीच. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप!

बाळाला झोपेचे औषध देऊन हे चित्रण सहसा करीत नाहीत. पोटभर दूध पाजायचे, कानांना आवाजापासून संरक्षण द्यायचे, दुपट्यात गुंडाळायचे आणि ते निजण्याची वाट पाहायची. (यंत्राचा खडखडाट तांबट आळीला लाजवील असा असतो.) लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि सहकारी संस्थांत शेकडो नवजात बालकांचे असे चित्रण झाले. प्रत्येक बाळाची पंधरा मिनिटांत सुमारे २३०० चित्रे घेतली, म्हणजे सेकंदाला दोनाहून अधिक. एवढ्या वेळात बाळ उचकी देते, ओठ चोखते, मान वळवते. हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडते, छाती चाळीस-साठ वेळा हलते. हे सगळे त्या चित्रांत उतरते, आणि मेंदूच्या संकेताहून कितीतरी मोठे होऊन उतरते.

मग सुरू होते ती सफाई. आधी प्रत्येक चित्र सरकवून-फिरवून पहिल्याशी जुळवतात. कान व नाक यांच्यातील हवेमुळे आलेली विकृती दुरुस्त करतात. मिसळलेले संकेत गणिताने सुटे करून धडधडीचे व हालचालीचे वाटतात ते वगळतात. फार हललेली चित्रे टाकून देतात. शेवटी बाळाचा मेंदू त्याच्या वयाच्या नमुना-मेंदूवर बसवतात. आणि हे वय आठवड्यांत मोजावे लागते, कारण जन्माच्या सुमारास मेंदूच्या वळ्या आठवड्या-आठवड्याला बदलत असतात. मोठ्या माणसांसाठी केलेले कार्यक्रम येथे जसेच्या तसे चालत नाहीत. बाळाच्या मज्जातंतूंवरचे मेदाचे वेष्टण अजून पुरते तयार नसल्याने करडा भाग आणि पांढरा भाग चित्रात प्रौढांच्या उलट दिसतात. रक्ताचा प्रतिसादही उशिरा येतो.

आता माझे मत सांगतो. वर्तमानपत्रांत जे लाल-पिवळे ठिपके असलेले मेंदूचे चित्र छापून येते, ते छायाचित्र नव्हे. तो एका लांबलचक हिशेबाचा निकाल आहे, आणि हिशेबाच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी माणसाने निवड केलेली आहे. ती निवड उघड केल्याशिवाय चित्र दाखवू नये.

हा आग्रह उगाच नाही. एका मेंदूचे लाखभर घनतुकडे पाडले आणि प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेतली, तर हजारात एक चूक चालेल असे म्हणूनही शंभर तुकडे निव्वळ योगायोगाने 'जागे' दिसतील. दहावीचा विद्यार्थीही हा गुणाकार करील. २००९ साली क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखविली आणि ही माणसे कोणत्या भावनेत आहेत असे विचारले! योगायोगाची दुरुस्ती न करता हिशेब केला, तेव्हा माशाच्या मेंदूतही ठिपके उजळले. या विनोदाला २०१२ साली इग नोबेल मिळाले.

हालचालीची गोष्ट अधिक गंभीर आहे. मुले वाढतात तसे मेंदूतील जवळजवळच्या भागांचे संबंध सैल होतात आणि दूरदूरच्या भागांचे घट्ट होतात, असे काही वर्षे मानले जात होते. २०१२ साली जोनाथन पॉवर आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की डोके मिलिमीटरच्या अंशाने हलले तरी नेमका असाच खोटा आकृतिबंध तयार होतो. लहान मुले जास्त हलतात, एवढेच! म्हणजे 'वाढ' म्हणून पाहिले त्यातले काही केवळ चुळबूळ होती. २०२० साली सत्तर गटांना एकच माहिती दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले, तर काही प्रश्नांची उत्तरे गटागटांत वेगळी निघाली. कोणत्याही दोन गटांनी नेमकी एकच पद्धत वापरलेली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हललेली चित्रे टाकून दिली की झाले. पण मग फार हलणारी बाळेच्या बाळे गळतात. उरतात ती गाढ निजणारी, धष्टपुष्ट, शांत. त्यांच्यावरून 'सर्वसाधारण मेंदू'चे माप ठरले, तर अपुऱ्या दिवसांच्या किरकिऱ्या बाळाला त्या मापात जागा कुठली?

आणि माप दुसऱ्या देशाचे असेल तर? याचे उत्तर शोधायला कसब्यापासून फार लांब जावे लागत नाही. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, इकडच्यांचे २.७. पण इकडचे बाळ म्हणजे तिकडच्याची लहान प्रत नव्हते: स्नायू बरेच कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. नुसत्या वजनाच्या काट्याला हे दिसले नसते. त्याच रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या गटाने १९८७ ते १९८९ या काळातल्या कमी वजनाच्या बाळांचा माग थेट त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. बाळाच्या विकासाची बेली यांची अमेरिकन मोजपट्टी बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी इथल्या मुलांवर तपासून नव्याने बसविली. हे काम चकचकीत नाही, वर्षानुवर्षे चालते; पण मापाला आधार अशाच कामाने मिळतो.

परदेशी चित्रसंग्रह निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणत नाही. लंडनचा संग्रह जगभरच्या अभ्यासकांना खुला केलेला आहे. त्यावर आपले विद्यार्थी सफाईची रीत शिकतील तर उत्तमच. यंत्र महाग आहे, इथे हजारो बाळांचे चित्रण उद्या होणार नाही, हेही खरे. माझी हरकत आहे ती तयार माप उसने आणून एखाद्या बाळावर शिक्का मारण्याला. शेकडो बाळांच्या सरासरीतून एखादा नियम दिसतो. तेवढ्यावरून समोरच्या एका बाळाच्या आईला तिचे मूल पुढे शाळेत कसे निघेल हे सांगता येत नाही. तसे सांगणारा अहवाल कोणी विकू लागला, तर त्याला चार प्रश्न विचारा. किती बाळांवरून हे माप काढले? ती कुठली, किती आठवड्यांची? कोणती चित्रे टाकली, आणि कोणत्या मर्यादेने? आणि जी बाळे हलली, ती कुठे गेली?

शिक्षकांना एक सुचवितो. वर्गातल्या चाळीस मुलांची उंची मोजा. मग मापताना जी मुले हलली त्यांची नावे गाळून सरासरी पुन्हा काढा, आणि कोण कोण गळले याची यादी फळ्यावर लिहा.