बोली लपवू नका

विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. अभ्यासिका लावली, मेस लावली. तरी करमत नाही. भाजीवालीकडे पाच रुपयांचा सांबार मागितला, तर ती म्हणाली, "तो हॉटेलात मिळतो." कोथिंबीर हवी होती हे तिला कळेपर्यंत शेजारच्या दोघी हसून घेतात. क्लासमध्ये "सर, मले समजलं नाई" म्हणालात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'मले'ची नक्कल केली. त्या दिवसापासून तुम्ही हात वर केलेला नाही.

परराज्यात असं झालं असतं, तर एवढं लागलं नसतं. आपल्याच मराठीत परकं व्हावं लागतं, ते जास्त झोंबतं. दुखणं जुनं आहे. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची गोष्ट सांगणारी 'कोसला' ही कादंबरी 1963 सालची.

पण हसणारा दोन मिनिटांत विसरतो. गप्प बसण्याची किंमत तुम्ही मोजता. शंका विचारली नाही, की तो भाग कच्चा राहतो. डिपॉझिट परत कधी मिळणार, लाइटबिल कोण भरणार, हे आधी विचारलं नाही, की खोली सोडताना भांडण होतं. ताप अंगावर काढला जातो. घरी फोनवर मात्र "सगळं बरं आहे".

म्हणून बोलत राहा. आपल्या बोलीतच बोला. समोरच्याला नाही कळलं, तर पुन्हा सांगा. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लागते, ती सरावानं येते. रोज एक अग्रलेख मोठ्यानं वाचा, महिन्याभरात फरक दिसेल. त्यासाठी घरची बोली सोडायची गरज नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्याच बोलीत 1952 साली पुस्तकरूपानं आल्या. हसणाऱ्यांच्याच घरी त्या पाठ असतात!

खोलीत सगळे एकाच तालुक्याचे असतील, तर असू द्या. आजारपणात तेच धावून येतात. पण एक तरी ओळख बाहेरची करा. मेसमध्ये रोज त्याच टेबलावर बसू नका. कॉलेजच्या कार्यालयात 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. काम कॉलेजातच असतं, चार पैसे मिळतात आणि ग्रंथालयातली, कार्यालयातली माणसं नावानं हाक मारू लागतात. राहण्याचा खर्च झेपत नसेल, तर विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून बाहेरगावच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवते. अर्ज करायला लाजू नका.

पुणेकरांचं तुटक बोलणं मनाला लावून घेऊ नका. दुकानदार सख्ख्या शेजाऱ्यालाही तसंच उत्तर देतो.

एक मात्र अंगावर काढू नका. झोप लागत नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडवत नाही, असं पंधरा दिवस चाललं, तर घरी खरं सांगा आणि 14416 या क्रमांकावर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं.

आता घरमालक, मेसवाल्या काकू आणि क्लासचे सर, तुम्हालाही विनंती. तुमची घरं, तुमच्या खानावळी, तुमचे वर्ग याच मुलांवर चालतात. एखाद्याचं बोलणं कळलं नाही, तर नक्कल करू नका. "परत सांग बाळा" म्हणा. वर्गात कुणी हसलं, तर सरांनी तिथल्या तिथं थांबवावं. आणि परीक्षा तोंडावर आली म्हणून दिवाळीला गावी न गेलेलं एखादं पोर तुमच्या वाड्यात, सोसायटीत असेल, तर त्याला एक दिवस फराळाला घरी बोलवा.