झोपेंतील श्वास आणि संवय

आमच्या दादांचें घोरणें हा घरांत कित्येक वर्षें थट्टेचा विषय होता. मुलें त्यांची नक्कल करीत व दादाही ती हसत पाहत. वहिनींना मात्र हसूं येत नसे. कारण घोरणें मध्येंच थांबून जी शांतता पसरे, तिच्या साक्षीदार त्या एकट्याच. पुढें खंबाटकी घाटांत मोटार हांकतांना दादांचा डोळा लागला आणि गाडी कठड्यास घासून थांबली, तेव्हां कोठें ही थट्टा संपली.

या विकारास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. निद्रेंत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदू दचकतो आणि श्वास पुन्हां चालूं लागतो. तासांत तीस वा अधिक वेळां श्वास असा अडला किंवा मंदावला, तर विकार तीव्र समजतात. आणि निजणाऱ्यास सकाळीं यांतील कांहींच आठवत नाहीं! नाकावाटे मंद दाबाची हवा सतत सोडून हा मार्ग उघडा ठेवण्याची युक्ति सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं 1981 सालीं प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं तीव्र रोग्याच्या कंठास छिद्र पाडण्यावांचून फारसा उपाय नव्हता. परंतु हें यंत्र चष्म्यासारखें आहे. लावाल तोंवरच त्याचा गुण. बंद ठेवलें कीं थोड्याच रात्रींत विकार पूर्ववत् होतो.

यंत्र घरीं आलें त्या रात्रीं माझ्या धाकट्यानें “काकांना सोंड आली!” म्हणून टाळ्या पिटल्या. दादा हसले खरे. पण दोन वाजतां मास्क उशाशीं पडला होता. पुढें रोज तेंच. वहिनींनीं विचारलें कीं म्हणत, “अगं, चार तास लावलें कीं पुरे, नियमच तसा आहे.”

हा नियम आहे, पण तो हिशेबाचा. शंभरांतील सत्तर रात्रीं चार तास, हें माप वापराची मोजदाद करण्यास ठरविलेलें. त्यानंतरचे तास निर्धोक, असा त्याचा अर्थ मुळींच नव्हे. उलट, स्वप्नांची निद्रा पहाटेकडे अधिक असते आणि तींतच बहुधा श्वास सर्वांत जास्त अडतो. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत अडीच हजारांवर हृद्रोगी वा पक्षाघात झालेले रुग्ण होते. त्यांची झोपाळूपणाची तक्रार घटली, परंतु हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग कमी झाले नाहींत. यंत्राचा सरासरी वापर होता रात्रीं सव्वातीन तासांच्या आसपास! त्यावरून यंत्रासच निरुपयोगी ठरविणें मला घाईचें वाटतें.

कोण यंत्र नियमानें लावील, हें पुष्कळदां पहिल्या आठवड्यांतच दिसूं लागतें, असें संशोधकांना आढळलें आहे. दादांचा तो आठवडा वायां गेला होता. म्हणून वहिनींनीं आरंभ पुन्हां केला. मास्क सैल होता, तो बदलून आणला. संध्याकाळीं आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचतांना अर्धा तास तो लावून बसावयाचें ठरलें, म्हणजे झोपेशीं झगडा नको. नाक कोरडें पडे, म्हणून हवा ओलसर करणाऱ्या भांड्यांत त्या रोज पाणी भरीत. दात घासले कीं मास्क, हा क्रम. आणि जेवणानंतरच्या वामकुक्षीसही सूट नाहीं! (दादांचा खरा राग या कलमावर होता.) मुलांना सोंडेचा उल्लेख करण्याची बंदी झाली. रागावणें मात्र वहिनींनीं कटाक्षानें टाळलें.

तीन महिने गेले. वैशाखांत भाचीचें लग्न निघालें. कार्यालयांत पुरुषांच्या गाद्या एकाच दालनांत घातलेल्या. यंत्र पिशवींतच राहणार, असें मी धरून चाललों होतों. पण वीस पाहुण्यांच्या देखत दादांनीं मोठ्यानें विचारलें, “अहो, येथें विजेचा प्लग कोठें आहे?” त्या रात्रीं वहिनी पलीकडे बायकांच्या खोलींत निजल्या, आणि सकाळीं चहाला त्या सर्वांत उशिरां उठल्या.