एका चेहऱ्याचे दोन ऋतू

यौवनाबरोबर मुरूम येतात आणि यौवनाबरोबरच जातात, नंतर यथावकाश सुरकुत्यांचा अंमल सुरू होतो, म्हणजे एका राजवटीने आपले दप्तर आवरल्यावाचून दुसरी गादीवर बसत नाही, अशी जी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला छेद देणारे चेहरे आज घरोघर दिसतात. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने उठणारी खोल, दुखरी, लवकर न पिकणारी गाठ. त्याच चेहऱ्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यांशी पसरत चाललेल्या बारीक रेषा. आणि गालांच्या उंचवट्यावर वांगाची फिकट तपकिरी छाया: हे सारे एकाच वेळी आरशात पाहणाऱ्या चाळिशीपुढच्या अगणित स्त्रियांपैकी मी एक आहे, आणि आमच्या तळोज्यात, सिडकोच्या वसाहतीतून सकाळी पेंधरच्या मेट्रो स्थानकाकडे निघालेल्या माझ्या वयाच्या बायकांमध्ये हा विषय निघाला की बोलणे लवकर संपत नाही, असा माझा अनुभव आहे.

मुरूम आणि सुरकुत्या या दोहोंचे सहवास्तव्य निसर्गनियमाला सोडून नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्वचेतील तैलग्रंथी पुरुषी संप्रेरकांच्या, म्हणजे अँड्रोजेनच्या, हुकुमाने चालतात, आणि ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही अल्प प्रमाणात आयुष्यभर वावरत असतात. रजोनिवृत्तीच्या अलीकडच्या वर्षांत इस्ट्रोजेनचे प्रमाण कधी चढते, कधी उतरते आणि अखेरीस ओसरते. त्या मानाने अँड्रोजेनचा प्रभाव टिकून राहतो, आणि हनुवटीच्या परिसरातील ग्रंथी त्याला विशेष संवेदनशील असल्यामुळे तेथेच गाठी उठतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर हमखास उठतात. दुसरीकडे, त्याच इस्ट्रोजेनच्या ओहोटीमुळे त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन झपाट्याने घटू लागते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्याचा सुमारे ३० टक्के ऱ्हास होतो, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. एकच कारण, आणि त्याची दोन कार्ये! त्यात आपल्या सावळ्या त्वचेचा एक स्वभावविशेष असा, की तिच्यातील रंगद्रव्य उन्हाच्या सुरकुत्यांपासून गौरवर्णीयांपेक्षा अधिक काळ तिचे रक्षण करते, परंतु मुरुमाच्या साध्या दाहानेही ते उद्दीपित होते आणि बसलेल्या प्रत्येक पुटकुळीच्या जागी महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग ठेवून जाते.

एवढे जाणून घेऊन जी स्त्री बाजारात जाते, तिच्यापुढे परस्परविरोधी सल्ल्यांचे दोन पक्ष उभे राहतात. मुरुमांवरची प्रसाधने त्वचा कोरडी करण्याचा आग्रह धरतात, वार्धक्यावरची प्रसाधने तिला स्निग्ध करण्याचा. पहिल्यांनी सुरकुत्या उठून दिसतात, दुसऱ्यांनी रंध्रे बुजतात. तळोज्याच्या हवेत हा पेच अधिकच बिकट होतो. दमट उन्हाळ्यात दाट क्रीम घामाबरोबर चेहऱ्यावर थबथबते, बांधकामांची आणि मालमोटारींची धूळ त्यावर बसते. आणि जिला आठ तास वातानुकूलित कचेरीत काढावयाचे असतात, तिचा तोच चेहरा दुपारपर्यंत ओढल्यासारखा कोरडा होतो.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट वैद्यकशास्त्राने अर्ध्या शतकापूर्वीच शोधून ठेवली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी अ जीवनसत्त्वापासून सिद्ध होणारे ट्रेटिनॉइन हे आम्ल मुरुमांवर गुणकारी असल्याचे आपल्या सहकाऱ्यांसमवेत १९६९ साली प्रसिद्ध केले. पुढे मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यावरील रेषा सौम्य झाल्याचे, त्वचा तुकतुकीत दिसू लागल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि १९८६ साली उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरील त्याच द्रव्याच्या परिणामांचा निबंध त्यांनी प्रसिद्ध केला. रंध्राच्या मुखाशी मृत पेशींचा जो बोळा बसतो, तो हे द्रव्य बसू देत नाही, म्हणून मुरूम घटतात. आणि खालच्या थरात कोलॅजेनची निर्मिती वाढवून त्याची झीज ते रोखते, म्हणून सुरकुती सौम्य होते. दोन फिर्यादींचा एकच निवाडा व्हावा, तसे हे घडले.

परंतु या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितलेच पाहिजे. क्लिगमन यांचे पुष्कळसे प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग कारागृहातील बंदिवानांच्या अंगावर, १९५१ पासून १९७४ पर्यंत झाले. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि किरकोळ मोबदल्यावर सही देताना आपल्या त्वचेवर काय लावले जात आहे, याची पुरती कल्पना त्यांना नव्हती. त्या शहराने या प्रकाराबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २०२२ साली. ज्या तळोज्यात मध्यवर्ती कारागृहाची भिंत जाता-येता दिसते, तेथे राहून हा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते. आणि ज्याच्यासाठी इतरांनी इतके सोसले, ते औषध निदान जाणतेपणाने वापरावे, एवढे ऋण तरी आपण मानावे, असे मला मनापासून वाटते.

तर मग नित्यक्रम कोणता? तज्ज्ञांच्या सल्ल्याने मी जो अनुसरते, तो थोडक्या वस्तूंचा आहे. सकाळी साबण नसलेल्या सौम्य क्लेन्झरने तोंड धुवावे. नेहमीचा साबण अल्कधर्मी आणि त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबणाने तिचे संरक्षक कवच दुबळे होते. त्यावर हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर आणि मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, रंध्रे न बुजवणारे. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीवर रेघ ओढावी, एवढे ते चेहऱ्याला व मानेला लागते. त्याहून कमी लावले तर वेष्टनावर छापलेले संरक्षण मिळत नाही. ज्यांना वांग आहे त्यांनी लोह-ऑक्साइडयुक्त, किंचित रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांगाला दृश्य प्रकाशही वाढवतो आणि त्याला हा रंगच अडवतो. रात्री पुन्हा तोंड धुऊन, ते पूर्ण कोरडे झाल्यावर, ट्रेटिनॉइन किंवा त्याहून सौम्य असे ॲडापलिन वाटाण्याएवढे घेऊन साऱ्या चेहऱ्यावर विरळ पसरावे. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ वगळावेत. वर पुन्हा मॉइश्चरायझर लावावे. आरंभी एक रात्र आड करून लावले म्हणजे त्वचा हळूहळू सरावते. डागांसाठी ॲझेलेइक आम्ल उत्तम; ते मुरूम आणि डाग दोहोंवर चालते. जिला अपत्याची अपेक्षा आहे, तिने ट्रेटिनॉइन आणि ॲडापलिन दोन्ही वर्ज्य मानावीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲझेलेइक आम्लावरच भिस्त ठेवावी.

या क्रमाला द्यावी लागते ती मुदत. पहिल्या काही आठवड्यांत साल निघते, दडलेले मुरूम एकदम वर येतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकजणी नळी फेकून देतात. मुरुमांचा उतार दिसावयास दोन ते तीन महिने लागतात; सुरकुत्यांचा सहा महिने, आणि पुढेही तो वाढत जातो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी; तेथे वरून लावण्याच्या औषधाला पोटात घेण्याच्या औषधाची जोड लागते, आणि ती ठरवणे त्वचारोगतज्ज्ञाचे काम आहे.

घरगुती उपचारांविषयी माझ्या मनात आदर आहे, परंतु त्या प्रत्येकाची रुजुवात केली पाहिजे. दिवाळीचे उटणे हा उत्सवाचा सुगंध आहे, तो अवश्य जतन करावा. पण सुजलेल्या मुरुमावर रोज बेसन घासले तर दाह वाढतो आणि डाग गडद होतो. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आम्लधर्मी. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि तेथे काळे चट्टे उठतात. केसांना चोपडलेले खोबरेल कपाळावर उतरले की रंध्रे बुजून तेथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. म्हणून तेल लावावयाचे ते न्हाण्याआधी, आणि केस मागे बांधून.

खरे भय आहे ते निराळ्याच वस्तूचे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तिहींचे मिश्रण वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडेच लावण्यासाठी योजलेले आहे. आपल्या देशात मात्र ते गोरेपणाचे क्रीम म्हणून शेजारणीच्या, पार्लरच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षे लावले जाते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, मुरूम बसतात, आणि स्त्री त्याच्या अधीन होते. नंतर स्टेरॉइडमुळे त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा उमटतात, लव वाढते, आणि नव्या मुरुमांचे पीक येते. थांबवावे तर आग होते. म्हणजे जिला मुरूम आणि वार्धक्य या दोन्हींपासून सुटका हवी होती, तिच्या पदरी हे एकच क्रीम दोन्ही टाकते. २०१८ साली केंद्र शासनाने अशा स्टेरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये घालून चिठ्ठीवाचून त्यांच्या विक्रीस मनाई केली, त्या हुकुमाची अंमलबजावणी मात्र अजून प्रत्येक दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचलेली नाही.

याहून दारुण उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील आई आणि दोन मुलींना एका उजळपणाच्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला, ही हकिकत २०२३ साली वृत्तपत्रांतून आली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी केली आहे. ज्या डबीवर घटकांची यादी नाही आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, ती डबी घरात आणूच नये.

औषध कोणते आणि प्रसाधन कोणते, हा प्रश्न मराठी माणसाला अपरिचित नाही. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली स्थापिलेल्या विको कंपनीचे हळदीचे क्रीम आयुर्वेदीय औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी तिचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो कंपनीच्या बाजूने संपला. करवसुलीसाठी जो भेद इतक्या काटेकोरपणे तपासला गेला, तो आपल्या चेहऱ्यासाठी आपण त्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे: जे औषध आहे ते चिठ्ठीने, मात्रेने आणि मुदतीने घ्यावे, जे प्रसाधन आहे त्याच्याकडून औषधाच्या चमत्काराची अपेक्षा करू नये.

या वयात चेहऱ्याचे इतके लाड कोणासाठी, असा प्रश्न बाईला तिच्याच घरात विचारला जातो. त्याला माझे उत्तर असे, की त्वचा हा शरीराचा सर्वांत विस्तीर्ण अवयव आहे आणि त्यावरील दुखरी गाठ ही दातदुखीइतकीच खरी वेदना आहे. दाढ दुखत असताना कोणी बाईला तिचे वय विचारीत नाही. स्वस्त, सिद्ध आणि थोडके असे उपचार उपलब्ध असताना ते लाजेपोटी टाळणे, किंवा चोरून, चुकीच्या माणसाला विचारून घेणे, यात कोणतेही शील नाही. तेव्हा आपल्या बरोबरीच्या मैत्रिणीने चेहऱ्याविषयी काही विचारले, तर तिच्या हाती स्वतःची नळी देऊ नका. कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयातील किंवा आपल्या जवळच्या कोणत्याही मान्य रुग्णालयातील त्वचाविभागाची वाट तिला दाखवा, आणि जमल्यास पहिल्या वेळी तिच्याबरोबर जा.