सहलीचे फोटो आणि कॅमेऱ्याचा नेम



घरातले वडीलधारे माणूस गेले की दोन-तीन दिवसांत एक शोध सुरू होतो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा असतो. ट्रंका उघडल्या जातात, मोबाईल चाळले जातात. अखेर कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून आजीचा चेहरा कापून मोठा केला जातो आणि चौकटीत येते ती एक पुसट सावली. तेही न जमले तर मतदार ओळखपत्रावरच्या फोटोवर भागवावे लागते. जिने भात लावून, मोळ्या विकून दोन पिढ्या शिकवल्या, तिचा एकही स्वच्छ फोटो घरात नसावा, ही आपल्या वस्त्यांतली नित्याची गोष्ट आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी कॅमेरा ही पैसेवाल्यांची चीज होती. स्टुडिओत जाऊन फोटो काढणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे. आज बहुतेक घरांत निदान एक तरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. तरीही फोटो पुसटच येतात. मागचा बॅनर वाचता येतो, आजीचा चेहरा मात्र दिसत नाही. म्हणून या वेळी आम्ही नेम धरण्याविषयी, म्हणजेच फोकसविषयी, आणि सहलीला निघण्याआधीच्या तयारीविषयी लिहीत आहोत. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात, वैशाखी पौर्णिमेचा कार्यक्रम होतो, सारे कुटुंब एका ठिकाणी असते. वर्षातून एकदा येणारी ही संधी वाया जाऊ नये.

फोकस म्हणजे काय?

लहानपणी आपण सर्वांनी भिंगाने कागद जाळला आहे. भिंग वर-खाली करताना एका ठराविक अंतरावर उन्हाचा ठिपका अगदी बारीक होतो; जरा पुढे-मागे झाले की तो पसरतो. कॅमेऱ्यातही हेच घडते. समोरच्या ज्या अंतरावर भिंग जुळवले असेल तेथली वस्तू रेखीव उमटते, बाकीच्या कमी-अधिक पसरतात. पूर्वीच्या अॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात भिंग एकाच जागी पक्के असे. त्यामुळे लांबची माणसे बरी येत, फार जवळचा चेहरा पुसट येई. आजचा कॅमेरा भिंग स्वतः हलवतो, पण कशावर जुळवायचे हे त्याला ठाऊक नसते. ते आपण सांगायचे असते.

मोबाईलवर सांगण्याची रीत सोपी आहे. पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. तेथे चौकोन किंवा गोल दिसेल. बऱ्याच मोबाईलमध्ये बोट दोन-तीन सेकंद तसेच दाबून धरले की फोकस तेथेच कुलूपबंद होतो. त्यानंतर बटण दाबा. हातातल्या कॅमेऱ्यावर बटण अर्धे दाबले की फोकस जुळतो आणि अर्धे दाबून धरले तोवर टिकतो. मधला ठिपका डोळ्यांवर आणायचा, बटण अर्धे दाबायचे, मग कॅमेरा हवा तसा वळवून बटण पूर्ण दाबायचे. मात्र या मधल्या वेळात आपण पाऊलभरही पुढे-मागे सरकायचे नाही. अंतर बदलले की जुळवलेले सारे फुकट.

कॅमेऱ्याला फोकस जुळवायला उजेड आणि रेघ लागते. कोरी भिंत, धुके, काळोख यांत त्याला धरायला काही सापडत नाही आणि भिंग नुसते पुढे-मागे करीत राहते. अशा वेळी साडीचा काठ, चष्म्याची कड, शर्टाचे बटण अशी उठावाची जागा त्याच अंतरावर शोधा आणि तीवर नेम धरा.

पुसट फोटोचे चार प्रकार

फोटो बिघडला की आपण कॅमेऱ्याला दोष देतो. त्याआधी फोटो नीट पाहावा. फोटोत काहीतरी रेखीव आहे, पण हवे ते नाही, असे असेल तर नेम चुकला. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला. भिंत रेखीव आणि धावणारे मूलच तेवढे फराटले असेल तर मूल हलले. आणि सगळ्यावर दुधाळ पडदा असून दिव्यांभोवती वलये असतील तर भिंगावर बोटाचे तेल आहे. मोबाईलच्या बाबतीत हा चौथा प्रकार फार आढळतो. खिशातला मोबाईल काढला की आधी धुतलेल्या मऊ सुती कापडाने भिंग पुसायचे. याला एक पैसा लागत नाही.

हात हलण्यावर उपाय असा. कोपरे बरगड्यांना टेकवा, पाठ भिंतीला किंवा खांबाला लावा, श्वास हळू सोडा आणि बटण ठोकू नका, दाबा. कॅमेऱ्यावर वेळ स्वतः ठरवत असाल तर जुना हिशेब उपयोगी आहे. भिंग ५० मिलिमीटरचे असेल तर १/६० सेकंदाहून सावकाश वेळ हातात धरून घेऊ नये. २०० मिलिमीटरचे असेल तर १/२५० तरी हवी. धावत्या मुलांना याहूनही जलद वेळ लागते.

कुटुंबाचा एकत्र फोटो

तीन रांगांत पंचवीस माणसे उभी केली की नेम कुणावर धरायचा, असा प्रश्न पडतो. येथे भिंगाच्या छिद्राचा उपयोग होतो. ५० मिलिमीटरचे भिंग लावलेला रोलचा कॅमेरा घ्या आणि दहा फुटांवर फोकस जुळवा. छिद्र एफ २.८ इतके मोठे ठेवले तर साधारण नऊ ते अकरा फुटांमधलेच रेखीव येते. एफ ८ वर नेले तर साधारण साडेसात ते चौदा फुटांपर्यंतचे येते. म्हणून गटाच्या फोटोला एफ ८ ठेवावे, मधल्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्यावर फोकस धरावा आणि रांगा एकमेकींना चिकटून उभ्या कराव्यात. मोबाईलच्या बारीक भिंगात खोलवरचे रेखीव येते, म्हणून तेथे ही अडचण कमी. मात्र ‘पोर्ट्रेट’ नावाची सोय गटाच्या फोटोला वापरू नका; ती कडेच्या माणसांचे कान आणि खांदे पुसून टाकते. तसेच बोटांनी चित्र ओढून मोठे करण्यापेक्षा आपणच चार पावले पुढे जावे.

गटाचा फोटो झाला की आजी-आजोबांना लगेच सोडू नका. त्यांना सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा आणि डोळ्यांवर फोकस धरून एकेकट्याचे तीन-चार फोटो घ्या. हे काम सहलीच्या सुरुवातीलाच करावे. संध्याकाळी ती दमलेली असतात.

आपल्या जिल्ह्यात कुठे, कसा नेम धरावा?

रत्नागिरी शहरात आलात तर थिबा राजवाडा बहुतेक जण पाहतातच. ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ पासून रत्नागिरीत ठेवले. हा वाडा १९१० साली त्याच्यासाठी तयार झाला आणि १९१६ साली त्याचे येथेच निधन झाले. वाड्यासमोर कुटुंबाचा फोटो घेताना चूक होते ती अशी की सारा वाडा यावा म्हणून माणसांना थेट भिंतीपाशी उभे करतात आणि ती मुंग्यांएवढी येतात. माणसांना भिंतीपासून दूर, कॅमेऱ्यापासून दहा-बारा फुटांवर उभे करा, फोकस चेहऱ्यांवर धरा. वाडा मागे आपोआप येतो. काचेच्या कपाटातल्या वस्तूंचा फोटो घ्यायला परवानगी असेल तर भिंग काचेच्या अगदी जवळ, जरा तिरके न्यावे. नाहीतर कॅमेरा काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबावर फोकस धरतो.

भाट्ये किनाऱ्यावर सर्वांना मावळता सूर्य पाठीशी हवा असतो आणि चेहरे काळे येतात. आपला समुद्र पश्चिमेला आहे. पाठीमागे समुद्र आणि तोंडावर ऊन हवे असेल तर सकाळी जा. संध्याकाळीच जायचे असेल तर बोट चेहऱ्यावर टेकवा, म्हणजे फोकसबरोबर उजेडही चेहऱ्याच्या मानाने घेतला जातो.

उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे आता जगाला ठाऊक झाली आहेत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. जांभ्या कातळावरची ही उथळ कोरीव रेघ भर दुपारी दिसतच नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरपा उजेड पडला की खोबणीत सावली धरते आणि कॅमेऱ्यालाही फोकससाठी कड मिळते. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरणे किंवा चित्रावर पाय देणे कधीही करू नये.

दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. सुरुवातीची हीनयानाची, नंतर दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानाची, पुढे नाथपंथाची अशी एका ठिकाणी तिन्ही काळांची खूण येथे दिसते. आत काळोख असल्यामुळे फोटो हमखास बिघडतात. समोरून फ्लॅश मारला की मूर्ती सपाट दिसते. एखाद्या सोबत्याला बाजूला उभे करून बॅटरीचा उजेड तिरपा पाडायला सांगा, उजळलेल्या कडेवर फोकस धरा, कॅमेरा दगडावर किंवा किलोभर तांदळाच्या पिशवीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. तांदळाच्या पिशवीने ते काम भागते. माणसांचा फोटो लेण्याच्या तोंडाशी, चेहरा बाहेरच्या उजेडाकडे करून घ्या. पावसाळ्यात नदी आणि निसरडी वाट लक्षात घेऊन येथे हिवाळ्यातच जाणे बरे.

आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे. बाबासाहेबांचे हे मूळ गाव, आंबडवेकर या आडनावाचे मूळ येथलेच. वृद्धांना घेऊन कुटुंबे येथे येतात, कित्येकांची ती एकदाचीच भेट असते. स्मारकात आधी नतमस्तक व्हा, मग फोटो. आत फोटोला मनाई असेल तर ती पाळा आणि बाहेर अंगणात, पायऱ्यांवर सावकाश फोटो घ्या. १४ एप्रिलच्या गर्दीत वृद्धांचा एकट्याचा फोटो मिळणे कठीण. तो हवा असेल तर आडवारी जावे. मंडणगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. रत्नागिरीहून निघून एका दिवसात आंबडवे आणि पन्हाळेकाजी दोन्ही उरकू गेलात तर सारा वेळ गाडीत जाईल.

आदल्या रात्रीची तयारी

सगळी चार्जिंग आदल्या रात्रीच करा. सकाळी वीज असेलच असे नाही. मोबाईलमधली जागा मोकळी करा. ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना नेमकी गट उभा राहिल्यावर येते. सुती कापड, प्लास्टिकच्या दोन पिशव्या, छोटी बॅटरी आणि छत्री सोबत घ्या. एसी गाडीतून एकदम दमट हवेत उतरलात तर भिंगावर दव धरते. कॅमेरा पिशवीतच दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग काढावा. किनाऱ्यावरून आल्यावर खारट हवेचा थर जरा ओलसर कापडाने, मग कोरड्याने पुसावा. पावसाळ्यात कॅमेरा बंद कपाटात ठेवला की भिंगावर बुरशी धरते. तो झाकणाच्या डब्यात, औषधांच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि अधूनमधून कोरड्या दिवशी बाहेर काढा.

सर्वांत मोठी तयारी म्हणजे सराव. ओटीवर एकेका फुटाच्या अंतराने तीन डबे एकामागे एक ठेवा. मधल्यावर फोकस धरून फोटो घ्या, मग पुढच्यावर, मग मागच्यावर, आणि मोठे करून पाहा. अर्ध्या तासात नेम बसतो. हा सराव घरातल्या मुलीकडून करून घ्या. फोटो काढणे हे घरातल्या एकाच पुरुषाचे काम नव्हे. आणि नेहमी काढणारा स्वतः कधीच फोटोत नसतो.

परत आल्यावर

चांगले फोटो निवडून मूळ आकारातच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. ८ बाय १२ इंचांचा उत्तम छाप हवा असेल तर २४०० बाय ३६०० ठिपके, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल लागतात. गटातून कापलेल्या चेहऱ्यात इतके ठिपके उरत नाहीत, म्हणूनच एकट्याचा फोटो वेगळा घ्या, असे आम्ही वर म्हटले. वर्षातून दहा फोटो तरी कागदावर छापून घ्या, मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहा. आज ती नावे सांगणारी माणसे घरात आहेत.

या मे महिन्यात निदान एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला उजेडात बसवा, भिंग पुसा, त्यांच्या डोळ्यांवर नेम धरा आणि एक फोटो छापून त्यांच्या हातात द्या. आपला फोटो त्यांनी स्वतः पाहावा, हा त्यांचा हक्क आहे.

पुढील अंकी घरातल्या जुन्या फोटोंची निगा कशी राखावी ते पाहू. तोवर जयभीम.